एकोणचाळिसावे व्हाउचर

२ मार्च, सोमवार

मुलीस,

वर ‘चिरंजीव’ लिहून खोडले आहे, ते तुला दिसेल. नवा कागद घेता आला असता; परंतु खाडाखोड लपवण्यासाठी पान बदलू नये, असे मी तीस वर्षे वाणिज्य शाखेच्या वर्गात शिकवले आणि आता सवय जात नाही. आशीर्वाद देण्याचा अधिकार मला उरला आहे की नाही हे तू ठरवायचे आहेस. तोवर ती जागा मोकळी ठेवतो.

तुझी आई जाऊन आज सोळा आठवडे पूर्ण झाले. घर ठीक आहे. माझी प्रकृती ठीक आहे. दोन वेळचे जेवण होते. त्या दिवशी तू आली होतीस आणि फाटकापासूनच परत गेलीस, असे मामांनी नंतर सांगितले. गर्दीत माझ्या लक्षात आले नाही.

हे पत्र कामाचे आहे.

कर कार्यालयाकडून आपल्या खोक्यांच्या कारखान्याला नोटीस आली आहे. कागदोपत्री कंपनीचे संचालक दोन: मी आणि तुझे मामा. प्रत्यक्षात अकरा वर्षे कारखाना कोणी चालवला हे तुला सांगण्याची गरज नाही. पुठ्ठा तीच निवडी, भाव तीच देई, माणसे तीच नेमी, आणि ओरडायचे असल्यास तीच ओरडे. तिचे नाव कागदावर आले नाही ह्याचे कारण क्षुल्लक आहे. नोंदणीच्या दिवशीच कटिंग मशीन येऊन दाखल झाले होते. ती म्हणाली, “तुम्ही दोघं जा, सह्या करून या. मशीन उतरवून घ्यायला एखादं शहाणं माणूस इथं लागेल.” पुढे तो कागद दुरुस्त करायचा राहिला. म्हणजे मी करायचा राहिलो.

गेल्या मंगळवारी मला बोलावणे होते. अधिकारी बाई चाळिशीच्या असाव्यात. बोटाला रबरी टोपी, समोर आपल्या फायली. त्यांनी तुझ्या आईच्या प्रवासखर्चाचा गठ्ठा पुढे ओढला आणि विचारले, “ह्या कोण?”

“माझी पत्नी.”

“पत्नी हे पद नाही, सर.”

त्यांनी विचारले, नेमणुकीचे पत्र आहे का. नाही. पगार घेत होत्या का. नाही. “मग ह्यांना बसभाडं, राहण्याचा खर्च, हे सगळं कंपनीनं कशाबद्दल दिलं?”

मी सांगितले की कंपनी वस्तुतः तीच चालवत होती. त्यावर त्या म्हणाल्या, आणि मला मान्य करावे लागेल की स्वच्छ शब्दांत म्हणाल्या, “कागदावर नाव नसलं तरी चालतं. जिच्या शब्दावर कंपनी हलते ती संचालकच. तिचा खर्चही चालतो. पण दोन गोष्टी दाखवा. एक, शब्द तिचाच होता. दोन, खर्च कामाचाच होता.”

“आणि दाखवता आलं नाही तर?”

“तर अकरा वर्षांचा सगळा खर्च बाहेरच्या व्यक्तीला दिलेला पैसा. त्यावर कर, वर दंड. आमच्या नोंदीत त्या बाहेरची व्यक्तीच राहतील.”

दंडाची रक्कम मला भरता येईल. ‘बाहेरची व्यक्ती’ हे शब्द त्यांनी पेन्सिलीने समासात लिहिले. ते मला उलट्या बाजूने वाचता आले.

मग त्यांनी गठ्ठ्यातून नमुन्यादाखल पाच व्हाउचरे उपसली. पाचांतले एक तुझ्या गावचे निघाले. प्रयोजन: ग्राहक भेट. त्यांनी ग्राहकाचे नाव विचारले. मी पाहून सांगतो म्हणालो. तशी एकूण अडतीस आहेत, दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारची. आईच्या पश्चात कपाट आवरताना ती माझ्या नजरेस आली.

पुढची तारीख २ एप्रिल आहे. त्या म्हणाल्या, “त्या गावच्या ग्राहकाचं एक पत्र आणा. विषय संपला.”

तू ज्या बेकरीत काम करतेस तेथे खोकी लागत असतील. बेकरीच्या छापील कागदावर पुढील मजकूर लिहून पाठवावा, अशी विनंती आहे: ‘आपल्या कंपनीच्या प्रतिनिधी दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी आमच्याकडे खोक्यांच्या मागणीसंबंधी बोलणी करण्यास येत असत.’ खाली तुझी सही, हुद्दा, शिक्का. व्हाउचरांच्या छायाप्रती संदर्भासाठी जोडल्या आहेत.

आपण ह्याला खोटे म्हणू नये. खोकी लागतात हे खरे, ती येत असे हेही खरे.

— वडील


१२ मार्च, गुरुवार

मुलीस,

तुझे पाकीट काल दुपारी मिळाले. पोच देत आहे.

पत्र मागितले तसेच आहे. ‘मागणीसंबंधी’ ह्या शब्दानंतर तू स्वल्पविराम घातला आहेस. वाक्याला त्याची गरज नव्हती, पण तेथे क्षणभर थांबावेसे वाटते हे मला पटते. शिक्का स्पष्ट उमटला आहे.

सोबत जी चिठ्ठी आहे तीही वाचली. ‘हवं तसं लिहिलं आहे. पण छायाप्रतींवर मंजुरीच्या रकान्यात सही नीट उठलेली नाही. ती कुणाची आहे? आपलं व्हाउचर आपणच मंजूर करायचं नाही, हा नियम तुमचाच होता.’

प्रश्न नोंदवून घेतला आहे.

आज तिचे टेबल रिकामे करायचे ठरवले होते. मामा मदतीला आले. त्यांनी मदत कमी केली, बोलले अधिक. पहिल्या खणात पट्टी, सुरी, डिंकाने वाळलेले ब्रश. दुसऱ्यात जगातली खोकी. बुटांची, साबणांची, औषधांची, कोठेही हाती लागलेली, सगळी उकलून सपाट केलेली. तुला आठवत असेल, कोणी काही भेट दिली की ती वस्तू बाजूला ठेवून आधी खोके उकलत बसे. मामा एकेक हातात घेऊन म्हणाले, “भाऊजी, हिनं लग्नात आलेली भांडी महिनाभर उघडी ठेवली होती, माहितीय ना? खोकी मात्र गादीखाली.” मला माहीत होते. मी हो म्हणालो.

तिसऱ्या खणात कोऱ्या व्हाउचरांचे पुस्तक होते. त्यात एक भरलेले निघाले. १३ नोव्हेंबर, गुरुवार. नाव तिचे, गाव तुझे, प्रयोजन ग्राहक भेट. रक्कम आणि मंजुरी कोरी. ती गेली १० नोव्हेंबरला, सोमवारी. कारखान्याच्या पायरीवर बसली आणि पुन्हा उठली नाही. म्हणजे त्याच्या आधीच हे लिहून ठेवले होते.

प्रवास घडला नाही, म्हणून त्याची नोंद होऊ शकत नाही. भरलेले व्हाउचर फाडता येत नाही. त्यावर ‘रद्द’ लिहून क्रमाने लावावे लागते. मी पेन हातात घेतले आणि मामांनी खण लावून टाकला.

“राहू द्या ते,” ते म्हणाले.

“क्रमांक तुटेल.”

“तुटू द्या. भाऊजी, तुम्ही माझं ऐका. अडतीस तिकिटं आहेत, अडतीस खून नाहीत. पोरीनं पत्र दिलंय. ते त्या बाईंच्या पुढ्यात ठेवा, चहा प्या आणि घरी या. माझी ताई बाहेरची व्यक्ती नाही, एवढं त्या पुस्तकात लागलं की झालं. बाकी कोण बघतंय?”

तू मामांच्या संपर्कात आहेस, हे त्यांच्या बोलण्यावरून उघड झाले. ह्या घरात बहुतेकांना बहुतेक गोष्टी ठाऊक असतात आणि फक्त माझ्या वह्यांना ठाऊक नसतात, असे दिसते.

आज दुसरा गुरुवार आहे. ते तारखेवरून लक्षात आले.

— वडील


२४ मार्च, मंगळवार

मुलीस,

तुझ्या प्रश्नाचे उत्तर द्यायला बारा दिवस लागले. विलंबाचे समर्थन नाही.

सही माझी आहे. अडतीसच्या अडतीस.

कपाट आवरताना नजरेस आली, असे मी पहिल्या पत्रात लिहिले. ते खरे नाही. पहिले व्हाउचर ८ सप्टेंबरचे होते. तू जाऊन दोन महिने झाले होते. तिने ते आदल्या दिवशी सायंकाळी माझ्या टेबलावर ठेवले आणि ती उभी राहिली. एरवी ती व्हाउचर ठेवून निघून जाई, आणि मी मागाहून काही विचारले की आतून ओरडून सांगे. त्या दिवशी उभी राहिली. ग्राहकांची यादी मीच ठेवत असल्यामुळे त्या गावात आपला एकही ग्राहक नाही, हे मला पाठ होते. तिलाही ठाऊक होते की मला पाठ आहे.

“अहो, सही करताय ना?” ती म्हणाली. “सकाळची बस लवकर असते.”

मी सही केली.

तिने घरखर्चातून तिकीट का काढले नाही, असे तुझ्या मनात येईल. त्याचे उत्तर घरखर्चाच्या वहीत आहे. ती वही मी रोज जेवणानंतर लिहीत असे आणि तिला वाचून दाखवत असे. तू गेलीस त्या रात्री मी तिला म्हणालो होतो, “ह्या वहीत आता तिचं नाव येणार नाही.” तिने दुसरी वही शोधली, एवढेच. आणि त्या वहीचा तपासनीस मीच होतो.

तिसऱ्या वर्षी बसचे भाडे वाढले. तिने सवयीने जुनाच आकडा लिहिला. मी तो खोडून नवा घातला आणि शेजारी सही केली. तिने व्हाउचर परत घेताना पाहिले आणि माझ्याकडेही पाहिले. तुझ्या गावचे भाडे किती झाले हे मला कोठून कळले, असे तिने विचारले नाही. तुला सांगतो. त्या आठवड्यात सोमवारी मी बसस्थानकावर गेलो होतो आणि तिकीट काढले होते. बस लागली, भरली, सुटली. मी बाकावर होतो. न वापरलेले तिकीट ते परत घेत नाहीत. त्याचे व्हाउचर केले नाही.

ती येताना पाव आणत असे. साध्या कागदात, दुकानाचे नाव नसलेल्या. मी दुसऱ्या दिवशी सकाळी तो चहाबरोबर खात असे. तीन वर्षांत त्या पावाविषयी ती एक शब्द बोलली नाही आणि मीही नाही. फक्त एकदा म्हणाली, “आजचा जरा जास्त भाजलाय.” मी म्हणालो, “चांगला आहे.” हे आमचे तुझ्याविषयीचे संपूर्ण संभाषण.

आता त्या जुलै महिन्यातल्या सोमवारविषयी.

तू खोलीच्या अनामतीसाठी किरकोळ खर्चाच्या पेटीतून रक्कम घेतलीस आणि व्हाउचर केले नाहीस. पगार झाला की तीन दिवसांत परत ठेवणार होतीस. हे चूक होते. आजही चूकच म्हणेन. परंतु मी ते सोमवारच्या बैठकीत सर्व कामगारांसमोर वाचून दाखवले: ‘उचल, विनाव्हाउचर, कार्यालय लिपिक.’ मी ‘मुलगी’ असे वाचले नाही. त्या वेळी मला ते नि:पक्षपाती वाटले होते.

तू म्हणालीस, “बाबा, सगळ्यांसमोर?”

मी म्हणालो, “रक्कम सगळ्यांची आहे.”

त्या बैठकीचे इतिवृत्त मी लिहिले. त्यात शेवटी असे वाक्य आहे: ‘कटिंग मशीनच्या आवाजामुळे बैठक आटोपती घेण्यात आली.’ परवा मी ते पुन्हा काढून वाचले. सोमवारी बैठक संपेपर्यंत मशीन सुरू करायचे नाही, असा तिचाच दंडक होता. माझे वाचन चालू असताना कोपऱ्यातून उठून मशीन तिनेच चालू केले. मशीनवर पुठ्ठा नव्हता. ते रिकामेच वर-खाली होत होते. मी आवाज चढवून उरलेले वाचून पूर्ण केले.

चार वर्षे होत आली. मशीन का सुरू झाले, हे मला परवा कळले.

आणखी एक दुरुस्ती. तुझी आई गेली त्या दिवशी फाटकाशी मी तुला पाहिले होते. तू निळी छत्री मिटत होतीस. मला वाटले, मी पाहिले हे तुला कळले तर तू निघून जाशील. म्हणून पाहिले नाही असे दाखवले. तू तरीही गेलीस.

२ एप्रिलला तुझे पत्र सादर करीन. मामा म्हणतात ते बरोबर आहे: तिचे नाव योग्य जागी लागणे महत्त्वाचे. अडतीस गुरुवारांपायी अकरा वर्षे गमावणे शहाणपणाचे नाही. ह्या पत्राचे उत्तर अपेक्षित नाही.

— वडील


३ एप्रिल, शुक्रवार

मुलीस,

तुझे बेकरीच्या कागदावरील पत्र ह्या पाकिटात परत पाठवत आहे. ते वापरले नाही. त्यावर कोणतीही खूण केलेली नाही.

काय घडले ते क्रमाने लिहितो.

अधिकारी बाईंनी कामाची नोंदवही आणि भाववही मागवली होती. अकरा वर्षांच्या वह्या मला उचलवेनात, म्हणून कटिंगवाले काका बरोबर आले. ते नवा शर्ट घालून आले होते आणि खुर्ची दिली तरी बसत नव्हते. बाईंनी पाच व्हाउचरांतली चार आधीच बाजूला काढली होती. त्या ग्राहकांची बिले जुळली होती. उरले एक.

“ग्राहकाचं पत्र आणलंत?” त्यांनी विचारले.

“आणलं आहे,” मी म्हणालो. ते फायलीत सर्वांत वर होते. मी फाईल उघडली. तुझी सही समोर आली. तू अजूनही आडनावाखाली रेघ ओढतेस आणि रेघेखाली टिंब देतेस. नऊ वर्षांची असताना माझी सही गिरवायला बसली होतीस, तेव्हापासूनचे ते टिंब आहे. माझ्या सहीतले मी कधीच सोडून दिले.

एकदा मी तुझे नाव चारचौघांत वाचून एका रकान्यात घातले होते. आता दुसऱ्यांदा, माझ्याच हाताने, सरकारी फायलीत घालत होतो. पहिल्या खेपेला नोंद खरी होती आणि तरी मी चुकलो. ह्या खेपेला नोंदच खोटी होती आणि सही तुझी.

मी फाईल मिटली.

“ह्या गावात आमचा ग्राहक नाही,” मी म्हणालो. “कधीच नव्हता. तिथं आमची मुलगी राहते. माझी पत्नी तिला भेटायला जात असे. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अडतीस व्हाउचरं मी मंजूर केली.”

काका छताकडे पाहू लागले.

बाईंनी रबरी टोपी बोटातून काढून टेबलावर ठेवली. “सर, हे तुम्ही मला सांगायलाच हवं असं नव्हतं.”

“पाच काढलीत, त्यात एक लागलं. आज ना उद्या विचारलंच असतंत.”

“नसतंही विचारलं.” मग त्या म्हणाल्या, “ही अडतीस गेली. कर आणि दंड तुमच्या नावावर, कारण मंजुरी तुमची. हे समजलं?”

“समजलं.”

“आणि आता बाकीच्या खर्चाचाही प्रश्न येतो. अडतीस ठिकाणी प्रयोजन खोटं असेल तर उरलेलं मी का मानू? त्या कंपनी चालवत होत्या, हेही तुम्हीच म्हणता.”

ती ‘बाहेरची व्यक्ती’ ठरणार, आणि ती माझ्या एका वाक्याने ठरणार, एवढे मला दिसत होते. उठावे की बसावे हे कळत नव्हते. बाई नोंदवही चाळत होत्या. बराच वेळ पाने उलटण्याचा आवाज होता.

“त्या मुलीकडे जायच्या त्या दिवशी कारखाना कोण बघायचं?” त्यांनी मान वर न करता विचारले.

“मी असे.”

“मग हे काय आहे?” त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. ८ सप्टेंबर: मशीन बंद, साफसफाई. पाने उलटली. १३ ऑक्टोबर: मशीन बंद, साफसफाई. पुढे ८ डिसेंबर: मोठी मागणी आली, उत्तर उद्या. त्यांनी भाववही उघडली. अडतीस गुरुवारी एकाही ग्राहकाला भाव दिलेला नाही. एकही मागणी स्वीकारलेली नाही. एकही पुठ्ठा कापलेला नाही. शुक्रवारी सकाळी मात्र सगळे एकदम.

ह्या नोंदी मीच रोज तपासून सही केलेल्या आहेत. मला त्या कधी दिसल्या नाहीत.

बाईंनी काकांकडे पाहिले. “हे असं का?”

काका आधी माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “वहिनी नसल्या की काय करणार, बाई? कुठला पुठ्ठा लावायचा, कुणाचं काम आधी घ्यायचं, सांगणार कोण? मशीन पुसायचो, झाडलोट करायचो.”

“सर होते ना तिथं?”

“होते की.” काकांनी शर्टाची बाही खाली ओढली. “पण सरांना विचारून काय उपयोग? सर म्हणणार, व्हाउचर कुठंय?”

बाई हसल्या नाहीत. हसू आले असावे, कारण त्या खाली वाकून काही शोधू लागल्या. मग त्यांनी लिहायला घेतले आणि लिहिता लिहिता बोलत राहिल्या, स्वतःशी बोलावे तसे. “जाईल तिथला खर्च कुणीही दाखवतं. नसेल त्या दिवशी कंपनी थांबते, हे दाखवणारे कमी.” समासात पेन्सिलीने लिहिलेले ते तीन आठवड्यांपूर्वीचे... नव्हे, पाच आठवड्यांपूर्वीचे शब्द त्यांनी रबराने पुसले. पुसलेला चुरा हाताने झटकला. माझ्या नावाच्या कराचा आकडा वेगळ्या कागदावर काढून दिला. तो मी आज सकाळी भरला. रीतसर आदेश पोस्टाने येईल. तात्पुरत्या टिपणाची प्रत मला मिळाली आहे. त्यात तुझ्या आईच्या नावापुढे असे आहे: ‘नेमणूक नसलेली, परंतु वस्तुतः संचालक. तीनशे एकोणसत्तर खर्च मंजूर, अडतीस नामंजूर.’

बाहेर आल्यावर काका म्हणाले, “सर, मी काही उलटं बोललो का?”

मी म्हणालो, “नाही. आपण अगदी बरोबर बोललात.”

“नाही म्हणजे, ते व्हाउचरचं...”

“तेही बरोबर.”

मामांना कळवले. ते म्हणाले, “ताई असती तर म्हणाली असती, एवढा उशीर लागतो का एक वाक्य बोलायला?” आणि त्यांनी फोन ठेवला.

ती प्रत मी तिच्या टेबलाच्या तिसऱ्या खणात ठेवायला गेलो. खणात ते एकोणचाळिसावे व्हाउचर होते. ‘रद्द’ लिहायचे राहिले होते. ते आता ह्या पत्रासोबत जोडले आहे.

पाहून घ्यावे. १३ नोव्हेंबर ही तारीख खोडून ९ एप्रिल केली आहे. तो दुसरा गुरुवार येतो. प्रवास करणाऱ्याच्या जागी तिचे नाव होते, तेथे माझे लिहिले आहे. तिचे नाव एकाच रेघेने खोडले आहे, वाचता येते. गाव तेच. ‘ग्राहक भेट’ खोडून ‘मुलीस भेटणे’ असे लिहिले आहे. रक्कम: निरंक, प्रवास स्वखर्चाने. प्रत्येक दुरुस्तीशेजारी माझी सही आहे.

मंजुरीचा रकाना कोरा आहे. आपले व्हाउचर आपणच मंजूर करायचे नाही, हा नियम माझाच होता.

तुझी सही होऊन कागद बुधवारपर्यंत परत आला, तर गुरुवारी सकाळच्या बसने निघेन. नामंजूर असल्यास तसा शेरा मारून पाठवावे. कारण देण्याची आवश्यकता नाही. कागद आलाच नाही, तर मी बसस्थानकावर जाईन आणि बाकावर बसेन. तेवढ्याला मंजुरी लागत नाही.

येताना पाव घेईन. त्याची पावती नको.

— बाबा